निळ्या टाकीकडून दुसरी गल्ली

सॅगिनॉ, मिशिगन
२८ जून

प्रिय नेरेइदा,

अनेक आशीर्वाद. वाढदिवसाचं पत्र उशिरा येतंय, रागावू नकोस. मिरच्यांची रोपं लावायची घाई होती. इथला उन्हाळा म्हणजे उभ्या उभ्या आलेला पाहुणा. पाणी विचारेपर्यंत निघालेला असतो.

अठरा वर्षांची झालीस. बाप्तिस्म्याच्या वेळी मी तुला हातावर धरलं होतं. डोक्यावर पाणी पडताच तू फादरच्या चष्म्याला हात घातलास. तेव्हाच मी तुझ्या बापाला म्हटलं, "लिब्रादो, ही कुणाचं ऐकून घेणारी नाही." लिब्रादो आता नाही. म्हणून पाद्रीनो, म्हणजे धर्मपिता, या नात्याने माझ्या वाट्याचं बोलून झालं की त्याच्या वाट्याचंही मीच बोलतो. तेव्हा ऐक.

तुझा जन्म टेक्सासचा. वय झालं. आता मतदार यादीत नाव नोंदव आणि नोव्हेंबरात जाऊन मत दे. तुझ्याकडून मला तीच भेट, दुसरी नको.

आमच्या तरुणपणी तुमच्याकडे हे काम फार सोपं होतं, म्हणजे वाईट होतं. निवडणुकीच्या दिवशी एक बाई व्हॅन घेऊन दारात यायची. पोलितिकेरा म्हणायचो आम्ही त्यांना. गोड बोलून गाडीत घालायची, वाटेत भाजलेल्या मांसाची थाळी, आणि उतरताना कानात सांगायची की कुणापुढे खूण करायची. पोट भरायचं आणि मत जायचं. तू तशी जाऊ नकोस. आपल्या पायांनी जा, आपल्या डोक्याने खूण कर.

अजून एक सांगायचं राहिलं. लिब्रादो गेल्यावर तुम्ही घर बदललंत. नवं घर कुठे आहे ते कोमाद्रेने, म्हणजे तुझ्या आईने, मला सांगितलं नाही. माझी पत्रं ओब्दुलियाबाईंच्या तोर्तियांच्या, मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानावर येतात आणि तिथून तुझ्या हातात. तक्रार नाही. पण तुला लिहायला बसलो की तुला बसवू कुठे हेच कळत नाही. मग जुन्याच घराच्या पायरीवर बसवतो.

तुझा पाद्रीनो,
एलेउतेरियो

०

द्वारा ओब्दुलियाबाईंचं दुकान
कोलोनिया एल गाबिलान, टेक्सास
११ जुलै

पाद्रीनो यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. पाकिटाच्या चिकटवलेल्या बाजूला मक्याच्या ओल्या पिठाचा अंगठा उमटला होता. ओब्दुलियाबाईंनी नुसतं धरलं होतं की उघडून पुन्हा चिकटवलं, ते कळायला मार्ग नाही. तेव्हा तुम्हीही यापुढे जपून लिहा.

आता खरं सांगा. तुमच्या मागे कोण आहे?

गेल्या वर्षभरात तुमची जेवढी पत्रं आली त्यांत मिरच्या होत्या, तुमचा गुडघा होता, शेजाऱ्याचं कुत्रं होतं आणि पुन्हा गुडघा होता. आणि आता एकदम मतदार यादी? कुणी येऊन भेटलं का तुम्हाला? गावाकडच्या पोरांना लिहा म्हणून कुणी सांगितलं का? तुम्ही भोळे आहात. तुम्हाला कुणीही कॉफी पाजून काहीही लिहून घेईल.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती निवडुंगाच्या पानांचे काटे काढत होती. सुरी थांबली.

"नाव, जन्मतारीख, पत्ता. तिन्ही मागतायत?"

"पाद्रीनो नाही मागत, आई. सरकार मागतं."

"मग कोंपाद्रेला मागायला कुणी लावलं?"

"ते मतदान कर एवढंच म्हणतायत."

"आधी एवढंच म्हणतात," ती म्हणाली आणि सुरी पुन्हा चालू झाली.

आईचं जन्मगाव नदीपलीकडचं, मेक्सिकोतलं, आणि ती इकडे कशी आली ते कुठल्याच कागदावर नाही, हे तुम्ही जाणता. एवढं लिहिलं तेही जास्तच झालं. आमच्याकडे दारावर थाप पडली की आधी रेडिओ बंद होतो, मग पंखा, मग आम्ही. घराचा रस्ता कुणाला सांगायचा नाही, मैत्रिणीला नाही, टीचरला नाही, चर्चमधल्या बायकांना तर नाहीच. सांगितलं नाही म्हणून राग मानू नका, आम्ही कुणालाच सांगत नाही. एखाद्या दुपारी सरहद्द पोलिसांची पांढरी गाडी दाराशी लागली तर मी कामावरून येईपर्यंत चूल थंड असेल आणि आई नसेल. आणि तुम्ही म्हणता, जा, सरकारला पत्ता लिहून दे.

किराणा दुकानाबाहेर हल्ली एक मुलगी टेबल मांडून उभी असते. केस जांभळे. येणाऱ्याजाणाऱ्या आपल्या पोरांना अडवून विचारते, "नाव नोंदवलंस का? नाही? का रे?" इतकं गोड आमच्या गल्लीत फक्त विमा विकणारे बोलतात. तिला पाहिलं की मी पार्किंगच्या दुसऱ्या बाजूने जाते.

गुडघा कसा आहे?

तुमची,
नेरेइदा

०

सॅगिनॉ
२१ जुलै

प्रिय नेरेइदा,

पोट धरून हसलो. मग जरा लागलंही.

माझ्या मागे कोण आहे ते सांगतो. तू आहेस. मे महिन्यातलं तुझं पत्र काढून बघ, म्हणजे मी ठेवलंय, तू काय बघणार. तू लिहिलं होतंस की पाऊस पडून गेल्यावरही गल्लीत पाणी आठवडाभर तुंबून राहिलं, शाळेची बस आत येईना, आणि शाळेच्या शेवटच्या समारंभाला तू बूट हातात घेऊन चिखलातून हमरस्त्यापर्यंत गेलीस. वर "मजा आली" असंही लिहिलं होतंस. मला मजा वाटली नाही. मी विचार करत बसलो की त्या गल्लीत खडी का पडत नाही, दिवा का लागत नाही. पोरी, जो माणूस रस्त्यांचं बघायला निवडून येतो ना, त्याला कुठल्या गल्लीत मतं आहेत ते डोळे मिटून सांगता येतं. जिथे नाहीत तिथे खडीचा ट्रक चुकूनही वळत नाही. तुझ्या गल्लीतल्या मोठ्यांना मत देताच येत नाही. म्हणजे राहिलात कोण? तुम्ही पोरं. तुम्ही पार्किंगच्या दुसऱ्या बाजूने जाता.

कॉफी मला कुणी पाजली नाही. पाजली असती तर दोन कप प्यालो असतो आणि तुला तरीही हेच लिहिलं असतं.

जांभळ्या केसांच्या मुलीवर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. तिच्याकडे कौंटीचं ओळखपत्र माग. कार्ड तुझं तू भर, तिला भरू देऊ नकोस. आणि भरून दिलंस की पावती माग. पावती द्यायला जे लोक टाळाटाळ करतात, त्यांच्या व्हॅनमध्ये आमची अर्धी पिढी बसली होती.

आणि आईला विचारल्याशिवाय काही करू नकोस. तिची भीती ही काही खुळी भीती नाही. ती रोज घरी परत येते ती त्या भीतीमुळेच.

गुडघा तसाच आहे. विचारलंस म्हणून बरा वाटला.

पाद्रीनो

०

द्वारा ओब्दुलियाबाईंचं दुकान
१९ ऑगस्ट

पाद्रीनो यांस,

केलं.

जांभळ्या केसांच्या मुलीने ओळखपत्र दाखवलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं, फोटोतले केस काळे होते. "तू नक्की तीच आहेस का?" म्हटलं, तर ती हसली आणि म्हणाली, "आई पण हेच विचारते." कार्ड मी भरलं. पावती मागायच्या आत तिने फाडून दिली. ती माझ्या बुटात ठेवली आहे.

माझं बघून मागे उभी असलेली पोरंही आली. ओसिएल, त्याची बहीण, कालव्याकडची जुळी, अजून बरीच. एकानं उडी मारली की सगळ्यांनी मारायची, तसं झालं. मुलीकडची पेनं संपली.

पत्त्याचं विचारू नका. ते मी जमवलं.

आईला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन. हल्ली ती रेडिओसुद्धा बारीक आवाजात लावते, कारण पलीकडच्या वस्तीतून एका बाईला नेलं म्हणे. खरं की खोटं कुणाला ठाऊक. जो सांगतो तो दुसऱ्याकडून ऐकलेलं सांगतो.

या वेळीही तुमच्या पाकिटावर पिठाचा अंगठा होता.

नेरेइदा

०

सॅगिनॉ
३० ऑगस्ट

प्रिय नेरेइदा,

तुझं पत्र वाचून मी अंगणात गेलो आणि मिरच्यांना सांगितलं. दुसरं कुणी जवळ नव्हतं. लिब्रादोलाही सांगितलं. शाबास.

पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि एका ओळीशी थांबलो. "पत्त्याचं जमवलं" म्हणजे काय? पत्ता ही काय जमवायची गोष्ट आहे? तू काय लिहिलंस, आणि तसं लिही म्हणून कुणी शिकवलं?

मला संशय येतोय तो सरळ लिहितो. तुम्हा सगळ्या पोरांची पत्रं एका बाईच्या हातून जातात. सगळ्यांची नावं तिला पाठ. कुणाच्या घरात कोण आहे तेही तिला ठाऊक असणार. आणि आता सगळ्या पोरांनी एका दिवसात नावं नोंदवली. पोरी, पोलितिकेरा बाईच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. ती चांगलीच असते. आजारी माणसाला डॉक्टरकडे नेते, मयताच्या घरी जेवणाचे डबे पाठवते, आणि दोन वर्षांतून एकदाच ते सगळं वसूल करते. ओब्दुलियाबाई नोव्हेंबरात "चला गं पोरींनो, गाडी आहे" म्हणाल्या, तर समज.

आणि त्या जर हे पत्र वाफेवर धरून उघडत असतील, तर पुढच्या चार ओळी त्यांच्यासाठीच:

बाई, मी म्हातारा आहे, लांब आहे, पण मला तिकडची रीत माहीत आहे. ही पोरगी बिनबापाची आहे, बिनवारसाची नाही. तिच्या मताला हात लावाल तर मी गुडघ्यासकट बसमध्ये बसून येईन.

नेरेइदा, लगेच लिही.

पाद्रीनो

०

(वर पत्ता लिहीत नाही)
२४ सप्टेंबर

पाद्रीनो यांस,

लगेच लिहिता आलं नाही. लिहायचं धाडस होत नव्हतं.

मला कुणीही शिकवलं नाही. कार्डावर "तुम्ही राहता कुठे" असा रकाना होता आणि माझा हात तिथे थांबला. आमच्या घराला नंबर नाही, गल्लीला पाटी नाही, आणि जे आहे ते लिहायचं नाही. मग आजवर शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे जो देत आले तोच दिला. ओब्दुलियाबाईंच्या दुकानाचा. मागे ओसिएल होता. त्याने माझ्या खांद्यावरून पाहिलं, "हे बरं आहे" म्हणाला, आणि तोच लिहिला. त्याचं बघून त्याच्या बहिणीने. त्यांचं बघून जुळ्यांनी. त्या एका पत्त्याआड आम्ही सगळ्यांनी आपापल्या आया लपवल्या, पाद्रीनो. कुणी कुणाला काही बोललं नाही, बोलायची गरजच पडली नाही. ओब्दुलियाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी तोर्तिया घ्यायला रांगेत उभी होते. एक साहेब आत आला. हातात कागद. कमरेला पिस्तूल नाही, ते मी आधी पाहिलं. कौंटीच्या निवडणूक कचेरीतून आलोय म्हणाला.

"बाई, ही सगळी मुलं इथे राहतात?"

ओब्दुलियाबाईंनी तोर्तियांचं यंत्रही बंद केलं नाही. "कुठली मुलं?"

त्याने नावं वाचायला सुरुवात केली. सुरुवातीलाच माझं होतं. हातातलं फडकं मी इतकं पिळलं की आत तोर्तिया असत्या तर पीठ झालं असतं.

"एवढी मुलं या दुकानात झोपतात?"

"झोपायचं त्यांच्या आयांना विचारा. पोटं मात्र त्यांची इथेच राहायला असतात."

"बाई, हसण्यावारी नेऊ नका. हा पत्ता त्यांना कुणी दिला? कार्डं तुम्ही गोळा केलीत? कुणासाठी करता हे काम?"

तेव्हा बाईंनी रांगेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, पाद्रीनो. एका नजरेत सगळं कळलं. नुसती हनुवटी माझ्याकडे वळवली असती तरी त्या सुटल्या असत्या.

"पत्ता दुकानाच्या पाटीवर रंगवलाय, साहेब. ज्याला वाचता येतं तो घेऊन जातो. तुम्हाला तोर्तिया देऊ? गरम आहेत."

त्याने घेतल्या, आणि पैसे देऊन घेतल्या. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. जाताना म्हणाला, चौकशी चालू राहील, दुकानाच्या परवान्याचंही बघावं लागेल.

तो गेल्यावर बाईंनी गल्ल्याखालून तुमचं पत्र काढून माझ्या हातात ठेवलं. पिठाच्या हाताने. मी पाकीट उजेडात धरून पाहिलं. कडा शाबूत होत्या, गोंद तुम्ही लावला तसाच. आजवर त्यांच्यावर संशय घेतला पण नीट पाहिलं कधीच नव्हतं. त्यांचे हात दिवसभर पिठात असतात, एवढंच ते गुपित.

तुमच्या त्या चार ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या. लपवावं असं मनात आलं होतं, पण आता लपवण्याचा कंटाळा आला. त्या म्हणाल्या, "म्हातारा तिखट आहे. त्याला कळव, बसने आला तर गुडघ्याला लावायला चरबी तयार ठेवते." मग यंत्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ वळल्या नाहीत.

आता आम्हा सगळ्यांना कचेरीची सूचना आली आहे. स्वतः येऊन खरं राहायचं ठिकाण लिहून द्या, नाहीतर नाव धरलं जाणार नाही. मुदत तोंडावर आली आहे. गेलो नाही तर आम्ही सुटलो, पण मग ओब्दुलियाबाई खोटी नावं गोळा करणाऱ्या ठरतील. गेलो तर आईचं घर सरकारी कागदावर. ओसिएल म्हणतो, तोर्तियावाल्या म्हातारीनेच फोन करून आपल्याला धरून दिलं असेल. जुळी म्हणतात, ओसिएलनेच कुणाला तरी सांगितलं असेल. माझ्याकडेही सगळे तसंच बघतात, कारण पहिलं कार्ड माझं.

आईला कालपर्यंत माहीत नव्हतं. आज ती माझे बूट उन्हात ठेवत होती आणि पावती खाली पडली. तिने उचलली, वाचता आली नाही तरी वरचा शिक्का तिने ओळखला. पावती टेबलावर ठेवली, वर मिठाची बरणी ठेवली, आणि कामाला गेली.

मी काय करू?

नेरेइदा

०

सॅगिनॉ
२९ सप्टेंबर

पोरी,

हे पत्र जलद टपालाने टाकतोय.

सोडून दे. मीच तुला नाव नोंदव म्हटलं, आता मीच म्हणतो, सोडून दे. तुझ्या आईपुढे हे कार्ड काहीच नाही. ग्रंथालयातल्या बाईंकडून मी नीट समजून घेतलं. कार्डावर राहायचं ठिकाण खरंच लिहावं लागतं. नंबर नसेल तर वाट वर्णन करून लिहिली तरी चालते, आणि टपालासाठी दुकानाचा पत्ता वेगळ्या रकान्यात देता येतो. पण यादी ही यादी असते, ती मागणाऱ्याला बघायला मिळते. भिण्याचं कारण नाही असं मी तुला इथून मिरच्यांच्या वाफ्यात बसून सांगणार नाही. दार माझं नाही, आणि त्या दारावर थाप पडली तर उठून जाणारा मी नाही.

ओब्दुलियाबाईंचं मात्र बघायला हवं. पत्ता कुणीही शिकवला नाही, तुमचा तुम्ही लिहिलात, एवढं लिहून सगळ्यांनी सह्या करून कचेरीत द्या. घराचं काही लिहू नका. पुरेल की नाही माहीत नाही.

आणि बाईंना हे वाचून दाखव: बाई, मी तुम्हाला न बघता चोर ठरवलं. माझी जीभ मिरचीसारखी आहे, पण मिरची निदान कालवणाला उपयोगी पडते. चरबी तयार ठेवू नका, मी ती मागायच्या लायकीचा नाही.

कोमाद्रेला माझा नमस्कार सांग. ती रागावली असेल तर रागावू दे.

पाद्रीनो

०

सॅगिनॉ
१६ ऑक्टोबर

नेरेइदा,

पत्र नाही. मुदत होऊन गेली असेल. तू गेलीस की नाही, ते मी विचारत नाही. घरात सगळे आहेत ना, एवढंच कळव. एक ओळ पुरे. कोरा कागद पाकिटात घातलास तरी चालेल, अक्षर पाकिटावरचं बघेन.

दारात टपालाची गाडी वाजली की मी गुडघा विसरून उठतो.

पाद्रीनो

०

हमरस्त्यावर ओब्दुलियाबाईंच्या दुकानापाशी वळायचं, कालव्याच्या कडेने पूल लागेपर्यंत यायचं, पूल ओलांडायचा नाही. डाव्या हाताला पाण्याची निळी टाकी दिसते. टाकीकडून दुसरी गल्ली. शेवटून दुसरं घर, दारात दोन मेस्कितेची झाडं, त्यांना दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. एका कानाचा कुत्रा भुंकतो, चावत नाही.
कोलोनिया एल गाबिलान, टेक्सास
२५ ऑक्टोबर

पाद्रीनो,

वरचा पत्ता नीट वाचा. तो मी लिहिलेला नाही. आईने सांगितला, मी उतरवून घेतला, आणि शब्दही न बदलता कौंटीच्या कार्डावर गेला.

तुमचं सोडून दे म्हणणारं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ते आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती म्हणेल, बघ, कोंपाद्रेलाही शेवटी अक्कल आली. तिने तुमच्या "दार माझं नाही" या वाक्यापाशी मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

"आणि तोर्तियावालीचं काय म्हणतायत? परवान्याचं?"

मी सांगितलं.

"तिने तुझ्याकडे बोट दाखवलं नाही?"

"नाही."

"माझ्याबद्दल तिला माहीत आहे?"

"सगळ्यांच्या आयांबद्दल माहीत आहे, आई. इतकी वर्षं माहीत आहे."

आई एकदम कडाडली, "आणि तू मला न सांगता कार्ड भरलंस! वर खोटा पत्ता! हे शिकवलं का मी तुला?"

"हो," मी म्हटलं. "हेच शिकवलंस."

मला वाटलं, आता थप्पड बसतेय. नाही बसली. ती हळू आवाजात म्हणाली, "मी लपले कारण मी इथली नाही. तू इथली आहेस. आता तूही लपायला लागलीस, तर या घरात इथलं कोण राहिलं?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. चर्चला जायचा पोशाख घालून माझ्याबरोबर ओब्दुलियाबाईंच्या दुकानात आली. इतक्या वर्षांत ती तिथे फक्त रांगेत उभी राहिली होती. त्या दिवशी आत गेली, पिठाच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, मी हिची आई. आता कुठे राहतो ते सगळ्यांसमोर सांगते." आणि वरचा रस्ता सांगितला. अख्ख्या दुकानाने ऐकला. कुत्र्याचं मी गाळत होते, तर म्हणाली, "लिही. साहेब आला आणि घाबरून पडला तर तो माझ्या नावाने ओरडेल." ओब्दुलियाबाईंनी यंत्र बंद केलं होतं. यंत्र बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर इतर आयाही आल्या. सगळ्या नाही. ओसिएल आणि त्याची बहीण आली नाहीत, त्यांनी नाव सोडून दिलं. त्यांना कुणी काही बोललं नाही. त्यांच्या बापाला त्याच आठवड्यात पोलिसांनी पुलापाशी अडवून कागद विचारले होते, त्यांना काय बोलणार?

कचेरीतल्या बाईने माझं कार्ड वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "कुत्रा एका कानाचा?" "हो." "बरं," म्हणाली आणि शिक्का मारला. तो तोर्तिया नेणारा साहेब मागच्या टेबलाशी होता. त्याने मान वर केली, आम्हा सगळ्यांना पाहिलं, आमच्या आयांना पाहिलं, मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याचा अर्थ काय, ते मला अजून कळलेलं नाही. दुकानात मात्र पुन्हा कुणी आलं नाही. अजून तरी.

काल मी मत दिलं. निवडणुकीच्या दिवसाआधीचं मतदान सुरू झालंय. गाडी कुणाची नव्हती, थाळी नव्हती. मी आणि जुळी चालत गेलो. बाहेर जांभळ्या केसांची मुलगी उभी होती, आता केस हिरवे आहेत. मी तिला ओळखपत्र मागितलं. ती इतकी हसली की पहारेकऱ्याने आम्हाला लांब जायला सांगितलं. रस्त्यांचं बघणाऱ्या माणसाच्या रकान्याशी मी जास्त वेळ थांबले. बूट हातात घेऊन चाललेली वाट आठवली.

खडी पडेल की नाही माहीत नाही. आमच्याकडे पांढरी गाडी दिसली की अजून रेडिओ बंद होतो. परवा एक आली होती. गॅसवाल्याची निघाली. आई पंख्याचं बटण धरून उभी होती तशीच उभी राहिली, मग स्वतःशीच हसली, आणि मग रडली. मी दोन्ही पाहिलं नाही असं दाखवलं.

ओब्दुलियाबाईंनी तुमची माफी ऐकून घेतली. म्हणाल्या, चरबी आधीच केलेली आहे, वाया घालवणार नाही.

खालची ओळ आईची आहे. ती बोलली तशी लिहिली.

तुमची,
नेरेइदा

कोंपाद्रे, आता आमची पोरगी जुन्या घराच्या पायरीवर बसवू नका. नाताळाला या, तामाले करणार आहे. वाट वर लिहिली आहे. आल्यावर दार ठोठावू नका. माझ्या नावाने हाक मारा, एउस्तोलिया म्हणून, मोठ्याने. ठोठावणाऱ्याला मी अजून उघडत नाही.